भोपाळचे घर विकताना : घरमालकांनी घ्यावयाची काळजी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अंमलात आली. त्या दिवशी बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा व चांदा हे विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात समाविष्ट झाले. आणि महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ राज्य मिळून नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले. तोपर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. नव्या राज्याची राजधानी भोपाळ झाली. नागपूरच्या सचिवालयातील कागदपत्रांबरोबर तेथील अनेक कर्मचारीही भोपाळला गेले. ग्वाल्हेर व इंदूर येथील कार्यालयांतून बदलून आलेल्यांतही मराठी कुटुंबे होती. पुढे १९६० मध्ये जड विद्युत उपकरणांचा मोठा कारखाना भोपाळ येथे सुरू झाला, आणि त्यानिमित्तानेही मराठी माणसे तेथे स्थायिक झाली.

ही मंडळी प्रथम तात्या टोपे नगरसारख्या शासकीय वसाहतीत राहिली. नंतर शिल्लक टाकलेल्या पैशांतून, भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन, कोणी भूखंड घेतला, कोणी गृहनिर्माण मंडळाचे घर घेतले. आता त्यांची मुले व नातवंडे नोकरीनिमित्त पुणे, नागपूर, मुंबई येथे किंवा परदेशी आहेत. भोपाळच्या घराला कुलूप आहे. पावसाळ्यात गच्ची गळते, अंगणात रान माजते, आणि एके दिवशी भावंडे घर विकण्याचा विचार करू लागतात. बहुधा त्याच वेळी असे आढळून येते की, घर वडिलांच्याच नावावर आहे, जमिनीच्या पट्ट्याची मुदत संपून गेली आहे, आणि मूळ कागद कोठे आहेत हे कोणालाच सांगता येत नाही.

घर बांधण्यास जितका विचार लागतो, तितकाच ते विकण्यासही लागतो. घाईने केलेल्या विक्रीत पैसा तर जातोच, पण सख्ख्या भावंडांत कायमची तेढ निर्माण होते. म्हणून विक्रीच्या तयारीत कोणती कामे कोणत्या क्रमाने करावीत, याची माहिती येथे दिली आहे. येथील उदाहरणे भोपाळची असली, तरी मालकी हक्क, दस्तनोंदणी व आयकर यांविषयीचे केंद्रीय कायदे महाराष्ट्रातील घरमालकांनाही सारखेच लागू आहेत.

विक्रीचे ठरेपर्यंत घराची राखण

बंद घर हे आगंतुकास आमंत्रण असते. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार, खऱ्या मालकाच्या हक्काला न जुमानता दुसऱ्या व्यक्तीने बारा वर्षे सलग व उघडपणे ताबा ठेवला, तर मालकाचा ताबा परत मिळविण्याचा दावा मुदतबाह्य होऊ शकतो. म्हणून वर्षातून निदान दोनदा, विशेषतः पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, घरातील कोणी तरी भोपाळला जाऊन घर उघडावे. महानगरपालिकेचा मालमत्ता कर, पाणीपट्टी व विजेचे देयक दर वर्षी भरून पावत्या जपून ठेवाव्यात. घराची देखरेख शेजाऱ्याकडे किंवा ओळखीच्या माणसाकडे सोपविली असल्यास, तो मालकाच्या परवानगीने व मालकाच्या वतीने घर सांभाळीत आहे, असा साधा लेख करून घ्यावा. संबंध कितीही चांगले असले तरी लेख करण्यात संकोच मानू नये.

घर कोणाचे, हे प्रथम ठरवावे

ज्याचे घर आहे त्यालाच ते विकता येते, हे सांगावयास नको. परंतु वडिलांच्या पश्चात घर नेमके कोणाकोणाचे होते, याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. थोरला मुलगा सर्व व्यवहार पाहतो म्हणून घर त्याचे, किंवा मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हक्क संपला, ही समजूत चुकीची आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे, वडिलांनी स्वतः मिळविलेली मालमत्ता मृत्युपत्र नसल्यास विधवा, मुलगे, मुली व वडिलांची आई हयात असल्यास ती, यांच्याकडे सारख्या वाट्याने जाते. मुलीचा हा हक्क १९५६ पासूनचाच आहे. २००५ च्या दुरुस्तीने तिला वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतही मुलाइतकाच हक्क मिळाला आहे.

एक उदाहरण पाहू. नागपूरहून बदलून गेलेल्या एका कर्मचाऱ्याने भोपाळला स्वकष्टाने घर बांधले. मृत्युपत्र न करता ते वारले. मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी राहिली. प्रत्येकाचा वाटा चौथा हिस्सा झाला. काही वर्षांनी धाकटा मुलगा वारला. त्याच्या मागे त्याची पत्नी, एक अज्ञान मुलगा व आई आहे. मुलाच्या मालमत्तेत आई ही पहिल्या वर्गाची वारस असल्याने, त्याच्या चौथ्या हिश्श्याचे तीन सारखे भाग होतात. अशा रीतीने घराचे बारा भाग कल्पिले, तर आईचे चार, थोरल्या मुलाचे तीन, मुलीचे तीन, विधवा सुनेचा एक व नातवाचा एक, अशी वाटणी होते. घर विकावयाचे तर या पाचही जणांचा हक्क विचारात घ्यावा लागेल. एकाची जरी सही राहिली तरी खरेदीदारास पूर्ण घर मिळत नाही.

यांपैकी नातवाच्या भागाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार, नैसर्गिक पालकासही अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. परवानगीवाचून केलेली विक्री तो मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावून रद्द करवून घेऊ शकतो. परवानगी मिळण्यास काही महिने लागतात. म्हणून गिऱ्हाईक शोधण्यापूर्वीच वकिलामार्फत अर्ज करावा. न्यायालय मुलाचे हित पाहते. त्याच्या वाट्याची रक्कम बँकेत त्याच्या नावे ठेवण्याची तयारी अर्जात दर्शविणे श्रेयस्कर होय.

एखाद्या वारसास आपला वाटा दुसऱ्यास सोडावयाचा असल्यास त्यासाठी हक्कसोडपत्र करावे लागते, व ते नोंदविलेले असणे आवश्यक आहे. साध्या कागदावरील संमती उपयोगाची नाही. कोणी एक वारस केवळ स्वतःचा वाटा परक्यास विकू इच्छीत असल्यास, पहिल्या वर्गाच्या इतर वारसांना तो विकत घेण्याचा अग्रहक्क कायद्याने दिला आहे. मुस्लिम, ख्रिस्ती व पारशी कुटुंबांत वारसाहक्काचे नियम वेगळे आहेत. त्यांनी आपापल्या कायद्याप्रमाणे सल्ला घ्यावा.

जमिनीचा प्रकार पाहावा

भोपाळमध्ये घराखालील जमीन अनेक प्रकारची असते. काही घरे पूर्ण मालकीच्या जमिनीवर आहेत. काही शासनाच्या नझूल जमिनीवर, काही विकास प्राधिकरणाच्या किंवा गृहनिर्माण मंडळाच्या भूखंडांवर पट्ट्याने आहेत, तर काही गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या भूखंडांवर आहेत. असा पट्टा सामान्यतः तीस वर्षांचा असतो. साठ-सत्तरच्या दशकात घेतलेल्या भूखंडाचा पट्टा त्यानंतर एकदा तरी नवीन करून घ्यावयास हवा होता. तो केलेला नसल्यास, भूभाटक थकलेले असल्यास, किंवा पट्ट्यातील अटीविरुद्ध घराच्या काही भागात दुकान काढलेले असल्यास, विक्रीच्या वेळी अडचण उभी राहते. पट्टा देणाऱ्या कार्यालयात जाऊन मुदत, थकबाकी व हस्तांतरासाठी लागणारी परवानगी यांची लेखी माहिती घ्यावी. पट्ट्याचे रूपांतर पूर्ण मालकीत करून घेता येत असल्यास त्याचाही विचार करावा. त्यासाठी खर्च येतो, परंतु त्यानंतर विक्री सुलभ होते.

जुन्या शहरात आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. भोपाळ हे १९४९ पर्यंत संस्थान होते. त्यामुळे जुन्या जमिनींचे मूळ हक्क संस्थानी सनदा व दानपत्रांपर्यंत जातात. घराची जागा वक्फ म्हणून नोंदलेली नाही, किंवा शत्रू-मालमत्ता अधिनियम, १९६८ खालील कार्यवाहीत आलेली नाही, याची खात्री विक्रीस काढण्यापूर्वीच करून घ्यावी. शहराच्या कडेला शेतजमिनीवर बांधलेल्या घरांच्या बाबतीत, जमिनीचा वापर निवासी झाल्याची नोंद महसुली कागदांत आहे की नाही, हे पाहावे.

कागदपत्रांची जुळवाजुळव

एक स्वतंत्र फाईल करून तीत पुढील कागद क्रमाने लावावेत : मूळ खरेदीखत किंवा पट्टा, त्यापूर्वीच्या व्यवहारांचे दस्त, महानगरपालिकेकडील मंजूर नकाशा व बांधकामाची परवानगी, मालमत्ता कराच्या पावत्या, पाणी व विजेची देयके, सहकारी संस्थेचे ना-हरकत पत्र, वडिलांचा मृत्यूचा दाखला, वारसांची यादी व प्रतिज्ञापत्र, मृत्युपत्र असल्यास ते, आणि प्रत्येक विक्रेत्याचे पॅन व ओळखपत्र. मूळ खरेदीखत हरवले असल्यास पोलिसांत तशी नोंद करावी, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी, व नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळवावी.

घरावर कर्ज काढलेले असल्यास मूळ कागद बँकेत असतात. कर्ज पूर्ण फेडल्यावर तीस दिवसांत बँकेने ते परत द्यावेत, व आपल्याकडून विलंब झाल्यास दर दिवसास पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कर्ज फिटल्याचे पत्र घेण्यास विसरू नये.

महानगरपालिकेच्या दप्तरी वडिलांचे नाव असल्यास विक्रीपूर्वी वारसांची नावे लावून घ्यावीत. मात्र नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे समजू नये. ही नोंद कराच्या वसुलीसाठी असते. मालकी ठरते ती दस्तांवरून व वारसाहक्कावरून.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांचा तेथील कार्यालयीन शब्दांनी गोंधळ होतो. आपल्याकडे ज्यास फेरफार म्हणतात, त्यास तेथे नामांतरण म्हणतात. सातबाऱ्याच्या जागी तेथे खसरा व बी-१ असतो. अकृषिक परवानगीस डायवर्शन, इसाऱ्यास बयाना, मुखत्यारपत्रास मुख्तारनामा, दुय्यम निबंधकास उप पंजीयक, आणि खरेदीखतास विक्रयपत्र किंवा बोलण्यात नुसती रजिस्ट्री असे म्हणतात. आपल्या रेडी रेकनरचे काम तेथे कलेक्टरची गाइडलाइन करते. तेथील दस्त हिंदीत असतात. ज्यास हिंदी नीट वाचता येत नाही, त्याने प्रत्येक दस्त विश्वासू माणसाकडून वाचून व समजून घेतल्यावाचून त्यावर सही करू नये.

डागडुजी कोणती करावी, कोणती करू नये

विक्रीस काढलेल्या घरावर फार खर्च करणे शहाणपणाचे नाही. नवी फरशी किंवा नवा स्वयंपाकघराचा ओटा यांवर केलेला खर्च किमतीत क्वचितच पूर्ण परत मिळतो, कारण खरेदीदाराची आवड वेगळी असते. परंतु जी कामे घराचे आयुष्य राखतात, ती अवश्य करावीत. त्यांचा क्रम असा असावा : प्रथम गच्चीची गळती व पन्हाळी, नंतर नळ, टाकी व मोऱ्या, त्यानंतर विजेची जुनी तारजोडणी, मग दारे-खिडक्यांची वाळवी, आणि सर्वांत शेवटी रंग. गळती न थांबविता दिलेला रंग पहिल्याच पावसात फुगतो, आणि पाहणाऱ्याच्या मनात संशय उत्पन्न करतो.

भोपाळच्या आसपास काळी चिकण माती पुष्कळ ठिकाणी आहे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असल्यास भिंतींना तिरक्या भेगा पडतात. अशा भेगा केवळ सिमेंटने बुजवून रंग देण्यापूर्वी जाणत्या अभियंत्यास घर दाखवावे. भेग वरवरची आहे की पायाची, हे त्याच्याकडून लेखी घेतल्यास खरेदीदारासही विश्वास वाटतो, आणि किमतीची घासाघीस मर्यादेत राहते.

घर दाखविण्यापूर्वी जुने सामान, मोडकी खाटली, पेट्या व रद्दी काढून टाकावी. मात्र रद्दी देताना प्रत्येक कागद पाहावा. जुन्या पेटीच्या तळाशीच पट्ट्याची मूळ प्रत सापडण्याचा संभव असतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, अंगण साफ करावे, पाणी व वीज चालू ठेवावी. कुटुंबातील आठवणीच्या वस्तू, देव्हारा, भांडी यांची वाटणी घर दाखविण्यापूर्वीच सर्वांच्या समक्ष करून टाकावी. भावंडांतील वाद पुष्कळदा घरापेक्षा अशा वस्तूंवरूनच सुरू होतात.

दोष लपवू नयेत

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ ने विक्रेत्यावर काही कर्तव्ये घातली आहेत. घरातील किंवा मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे, परंतु खरेदीदारास साधारण काळजी घेऊनही कळून येण्यासारखा नाही, तो त्याने सांगितलाच पाहिजे. मालकीचे कागद तपासणीसाठी दाखविणे, त्यांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे देणे, ताबा देईपर्यंत घराची दक्षतेने काळजी घेणे, आणि विक्रीच्या दिवसापर्यंतचे सर्व कर भरणे, हीही त्याचीच कर्तव्ये आहेत. ठाऊक असलेला दोष दडवून ठेवणे ही कायद्याच्या दृष्टीने फसवणूक ठरते.

भोपाळच्या संदर्भात या तरतुदीस विशेष अर्थ आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला, हे सर्वांस ज्ञात आहे. त्या कारखान्याच्या आवारात व आसपास टाकलेल्या रासायनिक कचऱ्यामुळे लगतच्या काही वस्त्यांतील भूजल दूषित झाले. तेथील रहिवाशांस स्वच्छ पाणी पुरविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. कारखान्याच्या आवारात साठविलेला कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूर येथे हलविण्यात आला. परंतु त्याने जमिनीखालचे पाणी आपोआप शुद्ध होत नाही. अशा वस्तीतील घर विकताना, घरातील पाणी नळयोजनेचे आहे की हातपंपाचे, विंधण विहिरीचे पाणी पिण्यास वापरले जाते की नाही, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे. नव्या घरात लहान मुले राहावयास येणार असतात. चार पैसे अधिक मिळावेत म्हणून ही गोष्ट दडविणे कायद्याने अनुचित आहेच, माणुसकीलाही धरून नाही.

घरात भाडेकरू असल्यास तेही प्रथमच सांगावे. घर विकले गेले म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. नकाशाबाहेरील वाढीव बांधकाम, शेजाऱ्याशी चालू असलेला भिंतीचा वाद, किंवा न्यायालयातील दावा यांचीही माहिती द्यावी.

किंमत कशी ठरवावी

किंमत ठरविताना दोन आकडे समोर असावेत. पहिला, शासनाने त्या भागासाठी ठरविलेले गाइडलाइन मूल्य. यावर मुद्रांक शुल्क आकारले जाते. दुसरा, त्याच गल्लीतील अलीकडच्या व्यवहारांचा प्रत्यक्ष भाव. केवळ दलालाच्या सांगण्यावर अवलंबून न राहता दोन-तीन शेजाऱ्यांकडे व मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाकडे चौकशी करावी. दलालाची दलाली किती, कोणी व केव्हा द्यावयाची, हे आधी लिहून घ्यावे.

दस्तात किंमत कमी दाखवून उरलेली रक्कम रोखीने घेण्याचा मोह टाळावा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि स्वीकारल्यास तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. शिवाय गाइडलाइन मूल्य दाखविलेल्या किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक असल्यास, आयकरासाठी ते मूल्यच विक्रीची किंमत धरले जाते. उदाहरणार्थ, गाइडलाइन मूल्य ६० लाख रुपये असता दस्तात ५० लाख दाखविले, तर कर ६० लाखांवर मोजला जाईल.

इसार, साठेखत व मुखत्यारपत्र

सौदा ठरल्यावर इसार धनादेशाने किंवा बँकेमार्फतच घ्यावा, आणि साठेखत करावे. त्यात एकूण किंमत, इसाऱ्याची रक्कम, उरलेली रक्कम देण्याची मुदत, मुदत चुकल्यास काय करावयाचे, कोणती थकबाकी कोणी भरावयाची, या गोष्टी स्पष्ट असाव्यात. न्यायालयाची किंवा पट्टा देणाऱ्या कार्यालयाची परवानगी बाकी असल्यास मुदत त्या तारखेपासून मोजावी. सर्व पैसे हाती येईपर्यंत ताबा देऊ नये. खरेदीदार ओळखीचा आहे म्हणून किल्ली आधी दिली, आणि पुढे उरलेल्या रकमेसाठी वर्षानुवर्षे न्यायालयात खेटे घालावे लागले, असे प्रकार घडतात.

पुणे किंवा मुंबईत राहणाऱ्या भावंडास सहीसाठी जाणे शक्य नसल्यास त्याने दुसऱ्या भावंडास मुखत्यारपत्र द्यावे. ते आपण राहतो त्या जिल्ह्यातील निबंधक किंवा दुय्यम निबंधकासमोर करून घ्यावे. परदेशी असल्यास तेथील नोटरी किंवा भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यासमोर करावे, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. मुखत्यारपत्र याच एका घरापुरते असावे. पैसे कोणाच्या खात्यात जमा व्हावयाचे, हेही त्यात लिहावे. देणारा वारल्यास ते सामान्यतः संपुष्टात येते. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर विकले जात नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे. परक्या माणसास किंवा दलालास मुखत्यारपत्र मुळीच देऊ नये.

शासकीय कर्मचारी व शिक्षक यांच्यासाठी

वारसांपैकी कोणी शासकीय सेवेत असल्यास त्याने सेवेच्या नियमांकडेही लक्ष द्यावे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार, स्थावर मालमत्ता विकत घेण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी विहित प्राधिकाऱ्यास तसे कळविणे आवश्यक आहे. आणि खरेदीदाराशी कर्मचाऱ्याचा कार्यालयीन संबंध येत असल्यास पूर्वमंजुरी घ्यावी लागते. घर दुसऱ्या राज्यात आहे किंवा त्यात आपला अल्पसा वाटा आहे, म्हणून हा नियम लागू नाही, असे समजू नये. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी त्यांना लागू असलेल्या वर्तणूक नियमांप्रमाणे आपल्या कार्यालयास कळवावे. पत्राची पोच जपून ठेवावी.

खरेदीखत व नोंदणी

ज्या क्षेत्रात घर आहे, तेथील नोंदणी कार्यालयातच खरेदीखताची नोंदणी होते. भोपाळच्या घराची नोंदणी नागपूरच्या दुय्यम निबंधकाकडे करता येत नाही. दस्त झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो. विक्रेता व खरेदीदार या दोघांचीही छायाचित्रे व बोटांचे ठसे दस्तावर घेतले जातात. मध्य प्रदेशात २०१५ पासून नोंदणी संपदा या संगणकीय प्रणालीने होते, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिची नवी आवृत्ती सुरू झाली आहे. दस्त संगणकावर तयार होत असल्याने नावातील किंवा क्षेत्रफळातील चूक सहीपूर्वीच दुरुस्त करून घ्यावी. सर्व विक्रेत्यांची नावे पॅनवरील नावांशी तंतोतंत जुळावीत. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च रूढीप्रमाणे खरेदीदार करतो; तरीही साठेखतात तसा उल्लेख असावा.

आयकर

घर चोवीस महिन्यांहून अधिक काळ मालकीचे असल्यास त्यावरील नफा दीर्घ मुदतीचा मानला जातो. वारसाने आलेल्या घराच्या बाबतीत वडिलांचा मालकीचा काळही यात धरला जातो, व वडिलांना पडलेली किंमतच खरेदीची किंमत मानतात. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असल्यास त्या दिवसाचे बाजारमूल्य घेता येते. मात्र ते त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्याहून अधिक धरता येत नाही. म्हणून साठच्या दशकातील घरासाठी २००१ च्या मूल्याचा अहवाल मूल्यनिर्धारकाकडून घ्यावा.

२३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीस कराचा दर साडेबारा टक्के आहे. त्या तारखेपूर्वी मिळालेल्या घराच्या बाबतीत, भारतात राहणाऱ्या व्यक्तीस महागाईनुसार किंमत वाढवून २० टक्के दराने कर मोजण्याची तुलना करता येते, आणि जो कर कमी तो द्यावा लागतो. या नफ्यातून विक्रीपूर्वी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत दुसरे घर घेतल्यास, अथवा तीन वर्षांत बांधल्यास, कायद्यातील मर्यादेपर्यंत सूट मिळते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतविले गेले नाहीत, तर ते बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावेत. सहा महिन्यांत विहित रोख्यांत ५० लाख रुपयांपर्यंत पाच वर्षांसाठी गुंतविण्याचा पर्यायही आहे. घराची किंमत किंवा मुद्रांक मूल्य ५० लाख रुपये किंवा अधिक असल्यास खरेदीदार एक टक्का कर कापून घेतो. तो प्रत्येक वारसाच्या पॅनवर त्याच्या वाट्याप्रमाणे जमा झाला आहे, हे पाहावे. परदेशस्थ वारसाच्या बाबतीत कपातीचे नियम वेगळे व दर अधिक आहेत. त्याने सौद्यापूर्वीच जाणकाराचा सल्ला घ्यावा.

ताबा देताना

ताब्याच्या दिवशी विजेच्या व पाण्याच्या मीटरचे आकडे दोघांच्या सहीने लिहून ठेवावेत. घरातील कोणत्या वस्तू दिल्या त्यांची यादी करावी, आणि किल्ल्या दिल्याची पोच घ्यावी. वीज जोडणी, पाणी जोडणी व महानगरपालिकेची नोंद खरेदीदाराच्या नावे झाली की नाही, याचा दोन-तीन महिन्यांनी पाठपुरावा करावा; अन्यथा थकबाकीच्या नोटिसा जुन्या मालकाच्याच नावाने येत राहतात. सर्व कागदांच्या प्रती निदान आठ वर्षे सांभाळाव्यात.

विक्रीची रक्कम सर्व वारसांच्या खात्यांत त्यांच्या वाट्याप्रमाणे थेट जमा करावी. एकाच्या खात्यात सर्व रक्कम घेऊन नंतर वाटण्याचा बेत सोयीचा वाटला, तरी त्यातून हिशेबाचे व मनाचेही घोटाळे होतात. वरील उदाहरणात विधवा सुनेचा व नातवाचा मिळून वाटा घराच्या सहाव्या भागाइतकाच आहे. परंतु त्या मुलाच्या शिक्षणाचा आधार कदाचित तेवढाच असेल. तो त्याच्या नावे वेळेवर व पूर्ण पोहोचेल, हे पाहणे सर्व भावंडांचे कर्तव्य होय.

ज्यांची घरे अद्याप विकावयाची नाहीत, त्यांनीही येत्या दिवाळीच्या सुटीत कुटुंब एकत्र जमेल तेव्हा घराची फाईल उघडून पाहावी. पट्ट्याची मुदत, करपावती, मालकाचे नाव व मृत्युपत्र या चार गोष्टी वडीलधाऱ्यांच्या हयातीतच मार्गी लावल्यास, पुढील पिढीस न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही.